अवर्षण आणि दुष्काळ यांतील भेद

पर्जन्य न पडणें दैवाधीन आहे. परंतु अवर्षणाचा दुष्काळ होणें बहुतांशीं मनुष्याधीन आहे, हें आम्ही दात्यांच्या नजरेस आणूं इच्छितों. १८७६-७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंत लक्षावधि माणसें मृत्यु पावलीं. त्याच काळांत हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जात होतें. धान्य महागलें, मजुरी बंद पडली, आणि गरिबाच्या गांठीं पैसा उरला नाहीं. उलटपक्षीं १९७२ सालीं महाराष्ट्रांत पाऊस गेला, पिकें बुडालीं. तथापि सरकारी कामें निघालीं व १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लक्ष मजूर त्यांवर होते. त्यामुळें प्राणहानि पूर्वीच्या मानानें फारच थोडी झाली.

एकाच गांवांत विहिरीचा बागाईतदार तगतो. कोरडवाहू शेतकरी व मजूर प्रथम बुडतात. आधीं भांडीं विकलीं जातात, मग बैल. बैल गेल्यावर पुढील वर्षीं पाऊस पडूनहि पेरणी होत नाहीं. यास्तव बैल दावणीस आहेत तोंवरच मदत पोंचली पाहिजे. व्यापाऱ्यांनीं धान्य व कडबा, जमीनदारांनीं ताली-बांधांचें काम, आणि सर्वांनीं यथाशक्ति वर्गणी आजच द्यावी, अशी आमची नम्र विनंति आहे.