दुसरे उष्टावण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले होते. आयुष्यभर लहान मुलांवर उपचार करणाऱ्या माणसाने स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय माझ्याकडे ग्रंथांतून आलेला नाही. तो घरातून आला, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका हलगर्जीपणाची कबुलीही आहे.

माझ्या थोरल्या वहिनी त्या वेळी ५४ वर्षांच्या होत्या. वजन ११२ किलो, जोडीला मधुमेह आणि दुखरे गुडघे. मार्च २०२४ मध्ये त्यांच्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. तिच्यात एका वेळी जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर अन्न मावते. शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. घरी येताना आहाराचा तक्ता मिळाला: आरंभी पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दोन महिन्यांच्या सुमारास नेहमीचे अन्न. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. त्यासाठी दिलेल्या पावडरीच्या गोड वासाने वहिनींना मळमळे. चार दिवसांत तो डबा फडताळात गेला.

पुढे जे घडले ते आपल्या कोणत्याही घरात घडले असते. आजारी माणसाचे अन्न म्हणजे उकड्या तांदळाची पेज, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. पेज, शहाळ्याचे पाणी, वरणाचे पाणी, मऊ भात. वजन भराभर उतरत होते आणि सगळे घर आनंदात होते. मीही फोनवरून ‘उत्तम चालले आहे’ असे म्हणून मोकळा होत असे.

जूनमध्ये मी प्रत्यक्ष भेटायला गेलो. वहिनी खुर्चीचे हात धरून उठल्या. केस विरळ झाले होते. पण अशा शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस पुष्कळांचे गळतात, म्हणून त्याचे विशेष वाटले नाही. लक्ष गेले ते पावलांकडे. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबले, तो खळगा पडला आणि तसाच राहिला.

दवाखान्यात आयांना विचारतो तोच प्रश्न मी विचारला. “वहिनी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय काय खाल्ले, ते आठवून सांगा.”

“पेज तीनदा, भावोजी. अर्धा पेला दूध, दोन चमचे दही, संध्याकाळी एक इडली. याहून अधिक जातच नाही.”

मी बोटांवर हिशेब केला. प्रथिने वीस ग्रॅमही भरेनात.

१९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या बालकांच्या आजाराचे वर्णन केले. पुढे त्यांनी त्याला तेथील गा भाषेतील ‘क्वाशिऑरकर’ हे नाव दिले. धाकटे भावंड आल्यावर अंगावरच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा हा आजार. पोट भरलेले, पण प्रथिनांची वानवा. म्हणून पायांवर सूज. हा धडा मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविला आहे. तोच माझ्या घरात घडत होता आणि तीन महिने माझ्या ध्यानात आला नव्हता.

सुजेची इतर कारणेही असतात, म्हणून मी त्याच दिवशी त्यांच्या शल्यविशारदांशी बोललो. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक निघाली. रक्तातील अल्ब्युमिन मात्र २.८ होते. जीवनसत्त्वांच्या मात्रा त्यांनी तपासून वाढविल्या आणि प्रथिनांविषयी निक्षून सांगितले. तेव्हा वहिनींनी संकोचाने विचारले, “भावोजी, नुस्तें खाल्ले तर चालेल का हो?”

मी थक्क झालो. जन्मभर मासळीवर वाढलेल्या या बाईंनी शस्त्रक्रियेपासून मासळीचा तुकडाही तोंडात घातला नव्हता. ‘ऑपरेशननंतर मासळी जड, टाक्यांत पू होतो’ असे शेजारणीने सांगितले होते आणि आम्ही कोणी विचारलेच नव्हते. ताज्या, नीट शिजवलेल्या मासळीने टाके पिकत नाहीत. उलट, जखम भरून येण्यास प्रथिनेच लागतात.

अशा रुग्णाला मासळी सोयीची का, हे थोडक्यात सांगतो. माशाचे शरीर पाण्याने तोललेले असते. त्यामुळे त्याच्या स्नायूंचे तंतू आखूड असतात आणि त्यांना बांधून ठेवणारी संयोजी ऊती मटणाच्या मानाने फार थोडी. ती थोड्या आचेवर विरघळते आणि मांस पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. मटणाचा किंवा कोंबडीचा चिवट घास अरुंद जठरात अडकल्यासारखा वाटून उलटी होते. मासळीचा घास सहसा निमूटपणे उतरतो. शिवाय शिजलेल्या १०० ग्रॅम मासळीतून सुमारे २० ते २२ ग्रॅम प्रथिने मिळतात, तर तितक्याच भातातून अडीच-तीन. जेथे जागाच मूठभर उरली आहे, तेथे ती कशाने भरायची, हा प्रश्न मग आपोआप सुटतो.

मी वहिनींसाठी आखलेला क्रम बालकाच्या उष्टावणाचाच होता. शस्त्रक्रियेनंतर तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच, शल्यविशारदांच्या अनुमतीने, सुरू व्हायला हवा होता. प्रथम हळद-मीठ घालून वाफवलेली मासळी काटे काढून सारात कुस्करलेली, दोन चमचे. ती सोसली की मऊ तुकडा. एका वेळी एकच नवा पदार्थ. घास नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. जेवण वीस ते तीस मिनिटांचे. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासानंतर, घोटाघोटाने. पोट भरल्याची पहिली खूण होताच थांबायचे. मूल तोंड फिरवते तेव्हा आपण आग्रह करू नये, तसेच हे.

आपल्या ताटाचा क्रम मात्र उलटा करावा लागतो. शीत-कडीच्या ताटात भाताचा डोंगर मध्यभागी आणि मासळीची फोड कडेला असते. येथे मासळी प्रथम, मग भाजी, आणि जागा उरलीच तर शेवटी दोन चमचे भात. रव्यात तळलेली फोड टाळावी. तिचे कवच कडक आणि तेलकट. नारळाचे दाट हुमण न करता सोलांचे पातळ सार करावे. सुंगटे, माणक्यो, तिसऱ्या रबरासारख्या लागतात. त्यांना दोन-तीन महिने थांबावे. खारी सुकी मासळी रक्तदाब असलेल्यांनी दूरच ठेवावी. मोरी आणि मोठी सुरमई यांत पारा अधिक साठतो. बांगडा, तारली हे छोटे मासे त्या दृष्टीने बरे आणि ओमेगा-३ मेदाम्लांनी संपन्नही. मात्र बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही नाहीसे होत नाही. जुलै २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या प्रश्नावरून परराज्यांतील मासळीच्या आयातीवर गोव्यात तात्पुरती बंदी आली होती, ते वाचकांना आठवत असेलच. ओळखीच्या नुस्तेंकारणीकडून ताजी मासळी घेण्याची आपल्या आयांची सवय आरोग्यशास्त्राला धरूनच होती.

आमच्यापुढची अडचण निराळी होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. मग खाडीतील चणाक मिळवले. काटे थोडे, मांस मऊ. दुपारी आणि रात्री साठ-साठ ग्रॅमच्या फोडीतून सुमारे २६ ग्रॅम प्रथिने, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून सहा-सात, चक्क्यातून आठ, दाट वरणातून सहा, आणि ताकात घुसळलेल्या वासविरहित पावडरीतून आठ. साठ ग्रॅमची बेरीज झाली. वहिनी ती वहीत लिहू लागल्या.

इतक्यात ५ ऑगस्टला श्रावण लागला. मी म्हटले, “औषध म्हणून घ्या, देव रागावणार नाही.” त्या शांतपणे म्हणाल्या, “देव रागावणार नाही हो, पण मला चुकल्यासारखे वाटेल. तुम्ही दुसरा मार्ग सांगा.” वाद घालणे मला योग्य वाटले नाही. जो आहार रुग्णाच्या मनाला पटत नाही, तो वहीत राहतो, पोटात जात नाही. चतुर्थी होईपर्यंत मासळी आणि अंडी यांची जागा पनीर, चक्का, दूध, मोड आलेल्या मुगाची घोटलेली उसळ आणि सोयाबीन यांनी घेतली. बेरीज कधी पन्नास, कधी पंचावन्न. चतुर्थीनंतर रक्त तपासले, तेव्हा अल्ब्युमिन ३.६ होते आणि पायांवरची सूज ओसरली होती.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. शस्त्रक्रियेनंतर उलट्या दोन-तीन दिवसांहून अधिक चालल्या, तर ‘पित्त झाले’ म्हणून घरी बसू नये. थायामिनची कमतरता लवकर होते आणि तिने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायामिन द्यावे, हे माझ्या व्यवसायबंधूंनी विसरू नये. मासळी कितीही खाल्ली, तरी ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व नियमित तपासण्या सुटत नाहीत.

आता वहिनींचे वजन ७८ किलो आहे. मागील रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दादा आपले ताट बाजूला ठेवून बांगड्याचे काटे काढीत बसले होते आणि एकेक पापुद्रा वहिनींच्या बशीत ठेवीत होते. आमच्या आईने आम्हा भावंडांना असेच भरविले होते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर वजनाच्या काट्याकडे पाहून संतुष्ट होऊ नका, एवढीच विनंती. शेजारी बसा आणि विचारा: काल दिवसभरात काय काय खाल्ले? मी हा प्रश्न तीन महिने उशिरा विचारला.