फर्मागुढीचा पाऊस, आखाताचे ऊन

उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे दोन सत्रांमधल्या सुट्टीत एखाद्या कंपनीत, प्रकल्पावर किंवा प्रयोगशाळेत काही आठवडे राहून काम शिकणे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात तिला आता गुणांकन असते. नाव उन्हाळी असले, तरी गोव्यात हे आठवडे पावसाचे असतात. फोंड्याजवळच्या फर्मागुढी पठारावर जून-जुलैमध्ये संततधार लागलेली असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही विद्यार्थी आखाती देशांची वाट धरतात. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशातून ते जेमतेम 100 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात पोहोचतात. विमानाचा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास. शिकण्यासारखे जे काही असते, ते बहुतेक पावसाच्या या दोन आकड्यांमधल्या अंतरातूनच येते.

फर्मागुढी हे गोव्याच्या तांत्रिक शिक्षणाचे जुने ठाणे आहे. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना 1967 सालची. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था 2010 साली आणि आयआयटी गोवा 2016 साली याच परिसरात सुरू झाली. इथे शिकायला पेडणे, डिचोली, सत्तरी अशा दूरच्या तालुक्यांतूनही मुले येतात. त्यांतल्या अनेकांना आखात घरच्या बोलण्यातून आधीच ठाऊक असते. बहरीनमध्ये 1932 साली तेल सापडले, कुवेतमध्ये 1938 साली. तेल कंपन्यांना कारकून, स्वयंपाकी, यंत्रकामगार लागत होते आणि गोमंतकीय तिथे जात राहिले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, बांधकामे वाढली, तसा हा ओघही वाढला. डिचोलीच्या खाणपट्ट्यात 2012 साली खाणी थांबल्या आणि 2018 साली पुन्हा बंद पडल्या, तेव्हा कमाईसाठी बाहेर पडण्याचा विचार अनेक घरांत नव्याने झाला. कोणाचा मामा मस्कतला, कोणाचा चुलतभाऊ शारजात, असे नाते असले की राहण्याचा मोठा खर्च वाचतो, आणि इंटर्नशिप परवडण्याजोगी होते.

नाते नसलेल्यांसाठीही मार्ग आहेत. तांत्रिक विद्यार्थ्यांची देशोदेशी देवाणघेवाण करणारी आयएस्टे ही संस्था 1948 पासून काम करते आहे. भारतीय विद्यार्थी परदेशात जातो आणि त्या बदल्यात परदेशी विद्यार्थी इथे येतो, असा तिचा व्यवहार. याशिवाय काही विद्यार्थी कंपन्यांना थेट पत्रे लिहितात, काहींना महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी जागा मिळवून देतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पर्यटक व्हिसावर जाऊन कंपनीत काम करणे संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात बसत नाही, मग त्या कामाला इंटर्नशिप म्हटले तरीही. प्रशिक्षणासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो मिळवण्याची जबाबदारी बोलावणाऱ्या संस्थेची असते. 2022 च्या ऑक्टोबरपासून अमिरातीने लागू केलेल्या नव्या व्हिसा प्रकारांत अभ्यास आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र प्रकारही आहे. ‘आधी या, मग बघू’ असे सांगून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. परवानगीशिवाय काम करताना सापडलेल्या विद्यार्थ्याला दंड होऊ शकतो, परतही पाठवले जाऊ शकते, आणि पुढे खरी नोकरी मिळाली तरी ही नोंद आड येते.

पावसाळ्यापूर्वी गोव्याच्या घरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरले जाते: सोलां (कोकम), तोरांचे (कैऱ्यांचे) लोणचे, सुके बांगडे, मसाले. त्यातलाच वाटा आई मुलाच्या बॅगेत भरते. इथे जपावे लागते. खसखस हा अमिरातीत बंदी असलेला पदार्थ आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते आणि तिथला अमली पदार्थांचा कायदा अत्यंत कडक आहे. शागोती या मांसाच्या रश्शाच्या घरगुती मसाल्यात खसखस असतेच, म्हणून तो डबा घरीच ठेवलेला बरा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके यांना आगाऊ मंजुरी लागते. काजूची फेणी भेट म्हणून नेण्याचा मोह कुवेत किंवा शारजाला जाणाऱ्याने अजिबात धरू नये, कारण दोन्हीकडे मद्याला मनाई आहे.

आखातात उतरून विमानतळाच्या काचेच्या दारातून बाहेर पडताच चष्म्यावर बाष्प धरते. वाळवंट म्हटले की कोरडे ऊन डोळ्यांसमोर येते, पण दुबई, अबुधाबी, मस्कत ही सगळी समुद्रकाठची शहरे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे 40 अंशांवरच्या उष्म्यात दमटपणाही मिसळलेला असतो. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. रात्रही सोडवणूक करत नाही. ओमानच्या कुरियात गावात 26 जून 2018 रोजी किमान तापमान, म्हणजे चोवीस तासांतल्या सर्वांत थंड क्षणाचे तापमान, 42.6 अंश होते. कुवेतमधल्या मित्रिबाह येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंशांची नोंद झाली, आणि जागतिक हवामान संघटनेने ती तपासून मान्य केली.

गच्चीवरच्या टाकीतले पाणी दिवसभर तापते, म्हणून थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येते. तिथे मुरलेले लोक यावर सोपा उपाय करतात. गिझर बंद ठेवतात आणि त्याच्या टाकीत, घराच्या वातानुकूलित सावलीत, रात्रभर निवलेले पाणी आंघोळीला वापरतात. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात मिळणारा हा बहुधा पहिला धडा.

कामाचा दिवस सूर्याच्या मर्जीने चालतो. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. कुवेतमध्ये 1 जून ते 31 ऑगस्ट, सकाळी अकरा ते दुपारी चार अशी बंदी असते. कतारने 2021 पासून सकाळी दहा ते साडेतीन ही वेळ ठरवली आणि उष्णता, आर्द्रता, ऊन, वारा एकत्र मोजणाऱ्या निर्देशांकाने 32.1 अंश ओलांडले, की वेळ कोणतीही असो, काम थांबवण्याचा नियम केला. त्यामुळे साइटवरची गाडी पहाटे साडेचार-पाचला निघते. फोंड्यात सकाळी आठच्या कदंबा बसची सवय असलेल्या मुलाला हे जड जाते.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला उष्णतेचा सगळ्यात स्पष्ट परिणाम काँक्रीटमध्ये दिसतो. गरम हवेत काँक्रीटमधले पाणी लवकर उडते, सिमेंट झपाट्याने घट्ट होते, ओतायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि पृष्ठभागाला भेगा जातात. म्हणून मिश्रणात पाण्याच्या काही भागाऐवजी बर्फ घालतात आणि मोठी ओतणी रात्री करतात. 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाचे उन्हाळ्यातले काँक्रीटही असेच बर्फ घालून, रात्री ओतले गेले. फर्मागुढीच्या प्रयोगशाळेत स्लम्प टेस्टसाठी, म्हणजे ओले काँक्रीट किती पातळ आहे ते तपासायला, जो पत्र्याचा शंकू वापरतात, तोच तिथेही असतो. फरक इतकाच, की तिथे ट्रक आला की तापमापीही काँक्रीटमध्ये खुपसतात, आणि ठरलेल्या मर्यादेहून ते गरम निघाले तर गाडी परत जाते. गोव्यात काँक्रीटला पावसापासून ताडपत्रीने झाकतात, तिथे उन्हापासून ओल्या गोणपाटाने. झाकण्याचे कारण बदलले, की त्यामागचे रसायन नीट समजते.

विद्यार्थी बहुतेक वेळ वातानुकूलित कचेरीत असतो, पण साइटवरचे कामगार नसतात. ते प्रामुख्याने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथून आलेले असतात, आणि साइटची खरी बोली हिंदी-उर्दू असते. अरबी न येणाऱ्या गोमंतकीय मुलाचे हिंदीवर उत्तम निभावते. उष्माघाताचा धोका सर्वाधिक असतो तो नव्याने आलेल्या माणसाला. शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे घेते. तोवर घामातून मीठ जास्त जाते आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे साइटवरच्या स्वच्छतागृहात लघवीच्या रंगाचा तक्ता लावलेला असतो, विश्रांतीच्या खोलीत मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे असतात. प्रकल्पाच्या वेळापत्रकाचे तक्ते करायला गेलेल्या विद्यार्थ्याने दुपारच्या सुट्टीत या सावलीत बसून ही माणसे कशी काम करतात ते पाहावे. वेळापत्रकातला एक तास म्हणजे नेमके काय, ते कचेरीत बसून कळत नाही.

पाण्याचा विषय याहून मोठा. फोंड्याला पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येते. गोडे पाणी घ्यायचे, गाळायचे, निर्जंतुक करायचे. आखातात बारमाही नदीच नाही. कुवेतमध्ये पिण्याचे सुमारे 90 टक्के पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवलेले असते. जुन्या पद्धतीत समुद्राचे पाणी कमी दाबाखाली टप्प्याटप्प्याने उकळून वाफ धरतात. नव्या पद्धतीत ते बारीक पडद्यातून प्रचंड दाबाने ढकलतात. हा दाब साधारण 55 ते 70 बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट. अरबी समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35-36 ग्रॅम क्षार असतात, तर पर्शियाच्या आखातात, तीव्र बाष्पीभवनामुळे, 40 च्याही वर. क्षार जितके जास्त, तितका दाब अधिक आणि वीजही अधिक. उरलेले दाट खारे पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते, ही या तंत्राची न सुटलेली अडचण. रसायन किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला अशा प्रकल्पात सहा आठवडे मिळाले, तर पाण्याच्या एका पेल्यामागे किती ऊर्जा लागते ते त्याला मीटरवर वाचता येते.

विद्युत शाखेची मुले सौर प्रकल्पांकडे ओढली जातात. अबुधाबीजवळ स्वैहान येथे 2019 साली सुरू झालेल्या नूर अबुधाबी प्रकल्पात 32 लाखांच्या आसपास सौरपट आहेत. दुबईच्या मोहम्मद बिन रशीद सौर उद्यानात तापलेल्या क्षारांत उष्णता साठवणारा मनोरा 260 मीटरहून अधिक उंच आहे. ऊन भरपूर आहे म्हणून वीज भरपूर, इतके ते सरळ नसते. सौरपट तापला की त्याची कार्यक्षमता घटते. शमाल नावाचा वायव्येचा वारा उन्हाळ्यात बारीक धूळ आणून पसरतो, आणि धुण्याला पाणी महाग. म्हणून पाणी न वापरता ब्रशने धूळ झाडणारी यंत्रे रांगांवरून फिरतात. डिचोलीच्या खाणीवाटांवरची तांबडी धूळ पाहत वाढलेल्या मुलाला धूळ नवी नसते. पण गावी ती पहिल्या पावसात धुऊन जाते, तिथे ती माणसाने उचलावी लागते.

पाऊस पडलाच तर काय होते, तेही पाहण्यासारखे. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळच्या खतम अल शकला येथे चोवीस तासांहून कमी वेळात 254.8 मिलिमीटर पाऊस झाला. 1949 पासूनच्या नोंदींत इतका पाऊस कधी नव्हता. दुबईचे विमानतळ पाण्यात गेले, रस्त्यांवर मोटारी तरंगल्या. गोव्यात पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशी एवढा पाऊस पडतो आणि तरी निभावते, कारण इथल्या उतारांना, ओहोळांना आणि गटारांना तो ठाऊक असतो. त्यानंतर दोनच महिन्यांनी दुबईने पर्जन्यजल निचऱ्यासाठी 30 अब्ज दिरहमची योजना जाहीर केली. या कामात पावसाच्या मुलखातल्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखेही काही असते.

राहणे बहुधा एका खोलीत तिघे-चौघे असे. घड्याळ अमिराती आणि ओमानमध्ये भारताच्या दीड तास मागे, कुवेत-कतारमध्ये अडीच तास, त्यामुळे घरी फोन करायचा तर इकडे झोपायची वेळ झालेली असते. अमिरातीने 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी पद्धत घेतली, इतर शेजारी देशांत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते.

सुट्टीच्या दिवशी मॉलपेक्षा अल ऐनची किंवा ओमानमधली खजुराची बाग पाहावी. डोंगराच्या पोटातले पाणी हलक्या उताराच्या पाटाने गावापर्यंत आणण्याची तिथली व्यवस्था म्हणजे फलज. ओमानमधल्या अशा पाच फलजांना युनेस्कोने 2006 साली जागतिक वारसा यादीत घेतले. पाण्याची पाळी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबू-डाळिंब, खाली चारा. सावईवेऱ्यात किंवा केरीत कुळागर पाहिलेल्या मुलाला ही रचना लगेच ओळखू येते. तिथेही पोफळी-माडांच्या सावलीत केळ, मिरवेल, अननस असतात आणि झऱ्याचे पाणी पाटाने फिरवले जाते. एकीकडे पाणी उदंड, दुसरीकडे थेंबाथेंबाचे मोल, तरी सावलीखाली सावली रचण्याची युक्ती तीच.

बहुधा जुलैअखेर, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, विद्यार्थी परततात. महाविद्यालयात रोजच्या कामाची नोंदवही, कंपनीच्या मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र आणि अहवाल द्यावा लागतो, मग तोंडी परीक्षा. कंपनीची आकडेवारी अहवालात घालायची तर लेखी परवानगी आधीच घ्यावी लागते, हे अनेकांना परतल्यावर उमगते. पोर्टची, विमानतळाची, सरकारी इमारतींची छायाचित्रे काढायला तिथे मनाई असते, म्हणून अहवालात हाताने काढलेल्या आकृत्याच जास्त असतात. परीक्षकाला त्या छायाचित्रांपेक्षा अधिक आवडतात, कारण जे समजले तेवढेच हाताने काढता येते.