माळ्यावर सापडलेली रायफल

विहार तलावालगतच्या रानात १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे. त्या काळातली एखादी शिकारी रायफल मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या घरात माळा आवरताना आजही हाती लागू शकते.

आधी ती भरलेलीच आहे असं समजा. नळीवर कोरलेल्या नावानं हुरळू नका, ते पुष्कळदा फक्त विक्रेत्याचं असतं. खरी जन्मखूण म्हणजे नळीच्या बुडाशी ठोकलेले चाचणीचे बारीक शिक्के. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरं असली तर बेल्जियमचं ल्येज शहर. मुकुटाखाली ‘जी’ असेल तर जर्मनीत तपासलेली, आतून आटे पाडलेली नळी.

काडतुसाचा आकडा तर फारच बोलका. आपला दारूगोळा बंडखोरांच्या .४५० मापाच्या मार्टिनी-हेन्री रायफलींत जाईल या धास्तीनं इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० वर बंदी घातली. मग बंदूककारांनी .४७० काढली. म्हणजे .४७० असेल तर ती त्यानंतरचीच.

आणि कृपा करून ती भिंतीवर टांगू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसत्या जुनेपणाला सूट नाही. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे. आधी पोलीस ठाण्याला कळवा.