डाव्या हाताची वीस-पंचवीस वर्षं

रेडिओच्या कामात आवाज एकेकाळी ब्लेडनं कापला जायचा. स्पूल हातानं मागं-पुढं फिरवून शब्दाची सुरुवात हुडकायची, टेपवर खूण करायची, तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टी लावायची. संगणक आले आणि आवाज कापण्या-जोडण्याच्या ‘कूल एडिट प्रो’ या सॉफ्टवेअरचं नाव झालं, २००३ मध्ये अडोबीनं ते विकत घेतलं आणि त्याचं ‘ऑडिशन’ झालं. नांदेड-लातूरच्या गल्लीबोळांतल्या स्टुडिओंना मात्र खरा हात दिला तो फुकटच्या ऑडॅसिटीनं. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू केलं आणि २००० मध्ये ते सगळ्यांना मिळू लागलं.

सुरुवातीला सगळं काम माउसवर. खोकला निवडा, मेनू उघडा, खाली सरका, क्लिक करा. कीर्तनाच्या कॅसेटी संगणकात भरायच्या, शिकवणीवाल्या सरांची व्याख्यानं साफ करायची, आणि प्रत्येक तासाला असे कितीतरी काप. लोडशेडिंगमुळं कंट्रोल-एस तेवढं प्रत्येकाच्या बोटात भिनलं होतं.

आपल्या कळा आपण नेमायच्या, हे हळूहळू उमगलं, आणि त्याला कारण आपल्याकडचा पंखा. खोकला डिलीट केला तर बोलण्याची लय तुटते. कंट्रोल-एलनं तिथं शांतता भरली तर पंख्याची घरघर एकदम थांबते आणि कानाला खड्डा जाणवतो. म्हणून नुसत्या पंख्याचा तुकडा कॉपी करून ठेवायचा आणि खोकल्याच्या जागी तेवढ्याच लांबीचा चिकटवायचा. हे सारखंच करावं लागतं, म्हणून हाताजवळची कळ हवी. ऑडॅसिटीत एफ २ आणि एफ ३ वर मुळात एन्व्हलप आणि ड्रॉ ही हत्यारं असतात. भाषणाच्या कामात ती क्वचितच लागतात. तिथं पेस्ट आणि लेबल (नावाची खूण) बसवलं की बाकीचं डाव्या हातानं होतं आणि उजव्या हाताला नुसतं निवडायचं काम उरतं.

एकेरी अक्षरांच्या कळा मी कधीच सुचवत नाही. लेबलात ‘अभंग सुरू’ असं लिहून लगेच ती कळ दाबली, तर शॉर्टकट न चालता ते अक्षर लेबलातच उमटतं. डावं ऑल्ट-शिफ्टही टाळावं, कारण विंडोजमध्ये मराठी-इंग्रजी कळफलक त्यानंच बदलतो. मराठीत काम करणाऱ्याला ही अडचण रोजची. शॉर्टकटच्या तयार याद्या करणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही.

२०१७ मध्ये ऑडॅसिटीच्या २.२.० आवृत्तीनं तयार शॉर्टकटची यादी छाटली आणि सवयीच्या कितीतरी कळा मुक्या झाल्या. ‘फुल’ संच निवडून त्या परत मिळवता आल्या, पण त्यानंतर स्वतःची यादी एक्सपोर्ट करून ठेवण्याची शिस्त लागली. छोटीशी एक्सएमएल फाइल. संगणक फॉरमॅट झाला तरी पेनड्राइव्हवरून इम्पोर्ट केली की काम चालू. पुढं २०१८ मध्ये मॅक्रो आले आणि गुणगुण गाळणं, पातळी सारखी करणं ही ओळीनं करायची कामंही एका कळेवर आली.

हल्ली शिकायला येणारी मुलं लॅपटॉप घेऊन येतात. त्यावर एफ २, एफ ३ दाबलं की बऱ्याचदा आवाज नाहीतर स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो. म्हणून कळांची फाइल देण्याआधी एफएन लॉक बघून घ्यायला सांगतो.