सेवायात्रेला आजी सोबत असताना

वाचकहो, सहकुटुंब परदेशी जाऊन एखाद्या रुग्णालयात वा शाळेत काही आठवडे सेवा करावी, अशी इच्छा माझ्या रुग्णांपैकी काही जण अधूनमधून बोलून दाखवतात. त्यापुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : 'पण डॉक्टर, घरात आई आहेत. त्यांचे काय करायचे?' या प्रश्नाला मी आमच्या घरचाच अनुभव सांगते. तो सर्वस्वी अभिमानाचा नाही. त्यात माझी एक चूक आहे आणि ती आपल्यापुढे मांडावी, हाच या लेखाचा मुख्य हेतू.

तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही चौघे टांझानियाला गेलो : मी, माझे यजमान, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी नावाचे शहर आहे. तेथून दीड तासाच्या अंतरावर, केळी आणि कॉफीच्या बागांत वसलेल्या एका गावातील मिशन रुग्णालयात आमचा चार आठवडे मुक्काम होता.

सासूबाईंना सोबत न्यावे, असे आमच्या मनात नव्हते. आग्रह त्यांचाच. विल्यम वानलेस हे डॉक्टर १८८९ साली परदेशातून भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले, हे दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या पिढीला ठाऊक आहे. सासूबाईंचा जन्म त्याच रुग्णालयातला. 'परमुलखातून आलेल्या माणसांनी मला जगात आणलं. त्यांचं देणं त्यांना फेडता यायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या मुलखात जाऊन फेडू या,' असे त्या म्हणाल्या. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

निघण्यापूर्वी

सासूबाईंना १५ वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि अ‍ॅम्लोडिपिन ही त्यांची नित्याची औषधे. चार आठवड्यांसाठी आम्ही सहा आठवड्यांची औषधे घेतली आणि ती दोन हातपिशव्यांत विभागली. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात एकही गोळी ठेवली नाही. औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी दोन्ही पिशव्यांत होती, कारण कंपनीची नावे देशोदेशी बदलतात.

पूर्व आफ्रिकेचा प्रवास म्हटला की पीतज्वराच्या, म्हणजेच यलो फीव्हरच्या लसीचा विचार करावा लागतो. साठी ओलांडल्यानंतर ही लस प्रथमच घेतल्यास गंभीर दुष्परिणामांची शक्यता, एकंदरीत कमी असली तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. म्हणून तिकिटे काढण्याआधीच आम्ही अधिकृत लसीकरण केंद्रात जाऊन नियमांची खात्री केली आणि आखातामार्गे जाणारे विमान निवडले. आपणही हे आधी करा. कोणत्या देशात जायचे इतकेच नव्हे, तर विमान कोठे बदलायचे यावरही नियम अवलंबून असतात आणि ते वेळोवेळी बदलतात. लस घ्यावी लागली, तर तिचे प्रमाणपत्र १० दिवसांनी ग्राह्य होते, हेही ध्यानात असू द्या.

हिवतापासाठी आम्ही प्रतिबंधक गोळी रोज घेतली आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवली. कोणती गोळी कोणाला चालेल, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे. मात्र अशा प्रदेशातून परतल्यावर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप आला, तरी आपण तेथे जाऊन आलो आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ही सारी तयारी मी काटेकोरपणे केली होती. चूक झाली ती पुढे, आणि अगदी साध्या गोष्टीत.

तेथील दिनक्रम

साडेसहाच्या सुमारास उजाडे. सात वाजता अतिथिगृहाच्या भोजनगृहात न्याहारी : दुधाचा चहा, मांदाझी नावाचे तळलेले गोडसर पाव आणि ऊजी. ऊजी म्हणजे पिठाची पातळ पेज. ती नाचणीची निघाली तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळला. 'ही तर आपली आंबील!' त्यानंतर प्रार्थनेचे सूर ऐकू येत आणि आम्ही आपापल्या कामाला लागत असू.

यजमान विद्युत अभियंता. वीज वरचेवर जाई, म्हणून रुग्णालयाचे जनित्र हेच त्यांचे दैवत झाले. मुलगी नोंदणीच्या खिडकीवर कागदपत्रे लावून देई. परदेशी डॉक्टरला तेथे तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. ती झाली होती, तरी मी स्थानिक वैद्यकीय सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच काम करत असे. पहिल्याच आठवड्यात मी एका वृद्धाला रक्तदाबाची नवी गोळी लिहून दिली. सहकाऱ्याने नम्रपणे विचारले, 'डॉक्टर, ही गोळी त्याच्या गावच्या दुकानात मिळत नाही. तुम्ही गेल्यावर तो काय घेईल?' मी चिठ्ठी बदलली. चार आठवड्यांच्या पाहुण्याने आपली मर्यादा ओळखावी, हा धडा मला तेथे मिळाला.

दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, माठासारखी पालेभाजी आणि घेवड्याची उसळ. पाणी उकळून, गाळून ठेवायचे. जेवणापूर्वी कोणीतरी तांब्याने हातांवर पाणी घालायचे. दोरीवर वाळवलेले कपडे इस्त्री केल्यावाचून अंगात घालायचे नाहीत, कारण ओल्या कपड्यांवर अंडी घालणारी एक माशी तेथे असते आणि तिच्या अळ्या कातडीत शिरतात.

आणि सासूबाई? त्यांनी विश्रांती घ्यावी, असे आम्ही ठरवून टाकले होते. त्या पुरुषकक्षाबाहेरच्या बाकावर बसत. तेथे रुग्णांच्या नातेवाइकांची दिवसभर ये-जा असे. तेथेही आपल्यासारखेच आहे : रुग्णाचे जेवण, कपडे, अंग पुसणे हे बहुतांशी घरच्यांनीच करायचे. सासूबाईंना पाहताच लहान मुले 'शिकामो' म्हणत. वडीलधाऱ्यांना करायचा हा आदराचा नमस्कार. त्यावर 'माराहाबा' म्हणायचे, हे त्या दोन दिवसांत शिकल्या. सगळे त्यांना 'बीबी' म्हणू लागले. स्वाहिली भाषेत बीबी म्हणजे आजी.

रविवारची सकाळ

स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा तास. शिवाय न्याहारीला तेथे बोलीत नुसते 'चाई' म्हणतात. शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातील बाईंनी माझ्या मुलीला सांगितले, 'उद्या चाई सा तातू.' रविवारच्या उपासनेमुळे न्याहारी सातऐवजी नऊला होणार होती. मुलीला आकडे येत होते, घड्याळ येत नव्हते. उद्या दुपारचा चहा तीनला, असे समजून ती गप्प राहिली.

रविवारी पहाटेच मला प्रसूतिकक्षातून बोलावणे आले. यजमान जनित्राकडे गेले. मुलगी झोपलेली होती. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पावणेसातला ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि त्या भोजनगृहाकडे गेल्या. दार बंद. उघडेल थोड्या वेळात, म्हणून त्या आपल्या बाकावर जाऊन बसल्या.

साडेआठच्या सुमारास परिचारिका धावत मला बोलवायला आली. सासूबाई घामाने भिजल्या होत्या. हात गार, नजर हरवलेली. मी 'आई' म्हणून हाक मारली, तर माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. रक्तातील साखर ४८. गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. १५ मिनिटांनी ६६. पुन्हा तेवढीच साखर. आणखी १५ मिनिटांनी ९२. मग केळे आणि वाटीभर ऊजी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही ठरावीक अंतराने तपासणी करत राहिलो.

संध्याकाळी मी विचारले, 'आई, भूक लागली होती, मग हाक का नाही मारली?' त्या म्हणाल्या, 'तू कामात होतीस गं. एवढ्याशा भुकेसाठी तुला कशाला त्रास द्यायचा?'

वाचकहो, हे वाक्य आपल्या घरातही ऐकलेले असेल. कदाचित आपण स्वतःच ते म्हणत असाल. ज्येष्ठांच्या कित्येक दुखण्यांची सुरुवात या वाक्यामागे दडलेली असते. पण त्या रात्री मला त्यांचा संकोच नव्हे, माझा निष्काळजीपणा दिसत होता. गोळी किती वाजता घ्यायची, हे मी त्यांना शिकवले होते; ताट समोर आल्याखेरीज घ्यायची नाही, हे शिकवले नव्हते. ग्लुकोजचा पुडा माझ्या पिशवीत, खोलीत होता. आणि आम्ही तिघे साऱ्या गावाची सेवा करायला निघालो असताना, आज आईंजवळ कोण, हे कोणीच ठरवले नव्हते.

'पोले'

सासूबाईंची अवस्था आधी ओळखली ती आमच्यापैकी कोणी नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी ओळखली. त्यांच्या पतीला पक्षाघात झाला होता आणि १२ दिवस त्या त्याच्या उशाशी होत्या. बोलणे तुटक झाले, हात गार लागला, तेव्हा त्यांनी परिचारिकेला हाक मारली. रोज शेजारी बसल्यामुळे सासूबाई एरवी कशा असतात, हे त्यांना ठाऊक होते.

या बाईंना येणारा-जाणारा प्रत्येक जण एक शब्द म्हणे : 'पोले'. कोणी आजारी असो, दुःखात असो, ठेच लागलेला असो, त्याला 'पोले' म्हणतात. तुमच्या कष्टाची मला जाणीव आहे, असा त्याचा भाव. कामात असलेल्याला 'पोले ना काझी' म्हणतात. मला नवल वाटले ते हे की, हा शब्द खाटेवरच्या रुग्णाइतकाच त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही मिळतो. त्यामागून सल्ला येत नाही, उपदेश येत नाही.

त्या रविवारनंतर आम्ही तीन बदल केले. गोळी ताट समोर आल्यावरच. साखरेची पुडी आणि बिस्किटे सासूबाईंच्या कमरेच्या बटव्यात, सोबत 'नीना कीसुकारी', म्हणजे 'मला मधुमेह आहे', असे लिहिलेली चिठ्ठी. आणि रोज रात्री दुसऱ्या दिवशीची पाळी ठरवायची : उद्या आईंजवळ कोण.

चौथा बदल त्यांनी स्वतः केला. 'मला नुसतं बसवून ठेवू नका,' असे सांगून त्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत गेल्या आणि तेथील बायकांबरोबर मलमपट्टीच्या जाळीदार कापडाच्या घड्या घालू लागल्या. पुढचे तीन आठवडे दुपारी दोन तास त्या हेच काम करत. वेळेवर जेवत, वेळेवर झोपत. खोलीत आल्यावर दिवसभराची हकिगत सांगत आणि त्यातच गुडघा दुखल्याचे, चक्कर आल्यासारखे वाटल्याचेही आपसूक सांगून जात. ज्याला आपण ओझे आहोत असे वाटत नाही, तो माणूस दुखणे लपवत नाही.

आपल्या घरासाठी

परदेशी जाणे सर्वांना शक्य नाही, आवश्यकही नाही. परंतु लग्नघर, तीर्थयात्रा, मुलाकडचा मुक्काम या प्रत्येक प्रसंगी घरातील जेवणाची वेळ बदलते आणि तोच धोका उभा राहतो. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

• साखर उतरवणाऱ्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण नक्की केव्हा मिळणार हे कळल्याशिवाय मात्रा घेऊ नका. जेवण चुकणार असेल तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

• ज्येष्ठांमध्ये साखर उतरल्याची खूण नेहमी घाम आणि थरथर हीच नसते. अचानक गप्प होणे, चिडणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे यांना 'वयोमानाचे' म्हणून सोडू नका, साखर तपासा.

• ७० पेक्षा कमी असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. यंत्र जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि तातडीने रुग्णालयात न्या.

• ज्येष्ठांना त्यांच्या शक्तीप्रमाणे एक नेमके काम द्या. मटार सोलणे असो की नातवाला पाढे म्हणायला लावणे, ते खरोखर गरजेचे असावे.

• 'आज आईंजवळ कोण?' हा प्रश्न रोज मोठ्याने विचारा. घरात माणसे पुष्कळ असली की तो हमखास विसरला जातो.

परतल्यापासून माझ्या दवाखान्यात एक लहानसा बदल झाला आहे. रुग्णाची विचारपूस झाली की त्याला घेऊन आलेल्या सुनेला, मुलाला, वृद्ध पत्नीला मी विचारते, 'आणि तुम्ही कसे आहात? रात्री झोप मिळते का?' पुष्कळदा उत्तराआधी डोळे भरून येतात.

सासूबाई आता ७७ वर्षांच्या आहेत. गोळी त्यांच्या ताटाशेजारी असते, बटवा कमरेला असतो. रात्री मी दवाखान्यातून उशिरा घरी येते, तेव्हा त्या दार उघडतात आणि म्हणतात, 'पोले गं. आधी हात धू, मग जेवू.'