पेन्शनराचा वेळ कोणाचा?

निवृत्ति हा शब्द मराठींत फार जुना. पण त्याचा आजचा अर्थ कचेऱ्यांच्या मागोमाग आला. संतांच्या भाषेंत निवृत्ति म्हणजे प्रपंचाकडे पाठ फिरविणें. ज्ञानदेवांच्या वडील बंधूंचें आणि गुरूंचें नांवच तें होतें. कचेरीच्या भाषेंत निवृत्ति म्हणजे ठराविक तारखेला वरिष्ठांच्या सहीनें निघालेला एक हुकूम. पहिल्या निवृत्तींत मनुष्य प्रपंच सोडून जातो. दुसरींत तो कचेरी सोडून प्रपंचांत, आणि तोहि अष्टौप्रहर, येऊन पडतो. निवृत्त माणसाच्या बारीकसारीक सुखांचा आणि कटकटींचा उगम या विरोधांतच आहे.

पेन्शन म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकाला प्रथम दुसरा बाजीराव आठवतो. १८१८ सालीं त्यानें राज्य सोडलें तेव्हां कंपनी सरकारनें त्याला सालीना आठ लक्ष रुपये नेमून दिले, आणि तो ब्रह्मावर्तास जाऊन १८५१ पर्यंत राहिला. एवढा मोठा पेन्शनर महाराष्ट्रांत पुन्हां झाला नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर ती रक्कम दत्तकपुत्र नानासाहेबांना मिळाली नाहीं. पेन्शन बंद होण्याची धास्ती आपल्याकडे तेव्हांपासूनची आहे, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें कानटोपी, काठी आणि छत्री घेऊन पेठांतून फिरणारा पेन्शनर हा मराठी विनोदाचा ठरलेला नायक झाला, आणि पुणें हें पेन्शनरांचें शहर ठरलें. परंतु आजची निवृत्ति पाहावयाची असेल तर पुण्यापेक्षां एखादें तालुक्याचें गांव अधिक उपयोगी पडेल.

कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ हें असें गांव आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या बेचक्यांत तें वसलें आहे. चोहोंकडे ऊंस, गांवाजवळ सहकारी साखर कारखाना, तालुक्याच्या कचेऱ्या, शाळा आणि एस्. टी.चें स्थानक. रेल्वे मात्र जयसिंगपुरास. शाहू छत्रपतींनीं आपल्या जनक पित्याच्या नांवानें १९१७ सालीं वसविलेली ती बाजारपेठ. या एका तालुक्यांत निवृत्तीचे इतके प्रकार एकत्र नांदतात कीं, पेन्शनर ही एकच जात आहे हा समज पार नाहींसा व्हावा.

निवृत्त शिक्षक आणि कारकून हे त्यांतले सुखी. ते अठ्ठावन्नाव्या वर्षीं घरीं आले. १ नोव्हेंबर २००५ च्या आधीं ते नोकरींत शिरले असले तर जुन्या नियमांप्रमाणें त्यांना पेन्शन मिळते आणि महागाईबरोबर ती थोडी थोडी वाढतेहि. त्यांच्याच कट्ट्यावर साखर कारखान्यांतला निवृत्त कामगार बसतो. त्याचें निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेंतून येतें. तिचा हिशेब सामान्यतः असा: सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनीं गुणावें आणि सत्तरानें भागावें. परंतु पगार कितीहि असला तरी तो एका मर्यादेपर्यंतच धरला जातो, आणि ती मर्यादा २०१४ सालीं कोठें पंधरा हजारांवर आली. म्हणजे तीस वर्षें बॉयलरपाशीं उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातीं महिन्याला सात हजारहि पडत नाहींत. कित्येकांची रक्कम इतकी लहान होती कीं, त्याच वर्षीं सरकारला किमान पेन्शन एक हजार रुपये ठरवावी लागली. कट्ट्यावर दोघेहि 'पेन्शनर'च. चहाचे पैसे देण्याची वेळ आली म्हणजे मात्र शिक्षक घाईनें खिशांत हात घालतो आणि कामगार त्याहून घाईनें त्याचा हात धरतो.

तिसरा प्रकार सैनिकांचा. सैनिक टाकळी हें गांव याच तालुक्यांत आहे, आणि सैन्यांतील नोकरीसाठीं त्याची ख्याति आहे. पंधरा वर्षें सेवा झाली कीं जवानाला पेन्शन लागू होते. त्यामुळें चाळिशीच्या आंतच 'निवृत्त' म्हणवून घेणारा, धडधाकट शरीराचा मनुष्य येथें नवलाचा वाटत नाहीं. तो पुन्हां कोठेंतरी पहाऱ्यावर लागतो किंवा ऊंसाला पाणी पाजतो.

सरकारच्या हिशेबीं म्हातारपण केव्हां सुरू होतें, हा तर एक स्वतंत्र विनोद आहे. राज्य सरकारचा बहुतेक नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षीं कामाला अपुरा ठरतो, प्राप्तिकराच्या दृष्टीनें तो साठाव्या वर्षीं ज्येष्ठ होतो, एस्. टी.च्या वाहकाला मात्र पासष्ट पुरीं झाल्याखेरीज तो म्हातारा दिसत नाहीं, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर तो इतका आदरणीय होतो कीं, त्याच्याकडून पैसेच घेतले जात नाहींत. ही शेवटची सवलत २६ ऑगस्ट २०२२ पासूनची. रेल्वेनें ज्येष्ठांना दिलेली सूट मात्र मार्च २०२० मध्यें काढून घेतली.

आतां दिवसाकडे वळावें. नोकरींत असतांना वेळ साहेबाचा असतो. पण त्यांतून उरलेला तरी निर्विवाद आपला असतो. रविवारची गोडी सोमवारामुळें असते. निवृत्तीनंतर सगळेच वार सारखे झाले म्हणजे कोणताच वार आपला राहत नाहीं. कचेरीनें सोडून दिलेला वेळ मनुष्याच्या हातीं पडेल अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षांत तो घराच्या सार्वजनिक मालमत्तेंत जमा होतो. या जप्तीचा हुकूम एका लहानशा प्रश्नाच्या रूपानें येतो. पुण्याची सून तो "बाबा, तुम्ही घरींच आहांत ना?" असा विचारते, शिरोळची सून "मामा, घरातच हाईसा न्हवं?" असा विचारते. प्रश्नांत आर्जव आहे, मायाहि आहे. परंतु 'नाहीं' हें उत्तर त्यांत गृहीत धरलेलें नाहीं.

मग गॅसची टाकी येणार असते, विजेच्या दुरुस्तीचा माणूस येणार असतो, नातवाला शाळेच्या गाडीवर सोडावयाचें असतें, पिठाच्या गिरणींतला डबा आणावयाचा असतो. यांतलें एकहि काम कठीण नाहीं. कटकट ती नव्हेच. कटकट ही कीं, टाकी सकाळीं येईल कीं दुपारीं, हें कोणी सांगत नाहीं, आणि दिवसभर तिची वाट पाहिलेल्या माणसाला संध्याकाळीं घरीं आलेला मुलगा सहज विचारतो, "आज दिवसभर काय केलंत?" पस्तीस वर्षें हजेरीपटावर सही केलेल्या माणसाला आपल्या दिवसाची कोठेंच नोंद नाहीं ही गोष्ट पगार थांबल्यापेक्षांहि अधिक बोंचते.

नोंद मागणारा महिना वर्षांतून एकदां येतो, आणि तो नोव्हेंबर. त्या महिन्यांत पेन्शनरानें हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. राज्य सरकारच्या पेन्शनरांनीं बँकेंत जाऊन यादींत आपल्या नांवापुढें सही करावयाची ही जुनी रीत. आपल्या नांवापुढें सही करतांना मनुष्याची नजर वरखालच्या नांवांवरून फिरते, आणि गेल्या वर्षींचें एखादें नांव दिसत नाहीं. त्या दिवशीं बँकेच्या पायरीवर थोडा वेळ बसणें हें ओघानेंच येतें. नोव्हेंबर २०१४ पासून केंद्र सरकारनें 'जीवन प्रमाण' ही सोय काढली. आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे दिले कीं दाखला घरबसल्या रुजू. कल्पना उत्तम, पण म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि ज्यानें आयुष्यभर ऊंसाचें पाचट ओढलें किंवा कारखान्यांत पाने चालविले त्याचे तर अधिकच. "अंगठा उमटत नाहीं" हें वाक्य यंत्रासमोर बसलेल्या पोरानें सहज उच्चारावें आणि समोरच्या माणसानें तोच अंगठा धोतराला पुसून पुन्हां पुढें करावा, हा प्रकार गांवोगांव झाला. २०२१ च्या नोव्हेंबरांत चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली तेव्हां कित्येकांचा जीव भांड्यांत पडला. आतां फक्त फोनकडे पाहून डोळे मिचकावावयाचे असतात. नातवंडांना तो खेळ फार आवडतो.

पेन्शन हें कोणाचें दान नव्हे, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा नांवाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यांत दिला. तो दिवस पेन्शनर अजून साजरा करतात. पैशाच्या हक्काचा निकाल लागला. वेळेच्या हक्काचा खटला अजून कोणी दाखल केलेला नाहीं. तो घरोघरीं रोज आपसांत मिटविला जातो.

आणि मिटविण्याच्या कांहीं युक्त्या खरोखर सुंदर आहेत. पहांटेची वेळ ही त्यांतली पहिली. सवयीनें पांचाला जाग येते. घर झोपलेलें असतें. स्वतःच्या हातानें केलेला चहा, तोहि कोणी न मागितलेला आणि कोणी न मोजलेला. या सुखाला शिरोळांत एक खोड आहे. ज्यानें जन्मभर साखरेचीं पोतीं भरलीं त्याच्याच चहांतली साखर डॉक्टरनें बंद केलेली असते. या भागांत "मिरजेला जाऊन आलों" म्हटलें कीं दवाखाना असा अर्थ न सांगतां कळतो. वॉनलेस साहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें रुग्णालय उभारलें तेव्हांपासूनची ती वाट आहे. मिरजेची आज्ञा पहांटे पांच वाजतां किती पाळली जाते याची चौकशी न करणें बरें.

दुसरी युक्ति नृसिंहवाडीची. हातपाय चालत आहेत तोंवर पायीं, नाहींतर सवलतीच्या तिकिटानें मनुष्य वाडीला जातो. देवाला जातों म्हटल्यावर "घरींच आहांत ना" हा प्रश्न आपोआप मागें पडतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसावें, संगमाकडे पाहावें, सायंकाळची आरती ऐकावी, येतांना नातवंडांसाठीं कवठाची बर्फी आणावी, आणि घरांतल्या साऱ्यांना ती पुरते कीं नाहीं हें वाटेंतच एक तुकडा खाऊन ठरवावें. पाहुणे आले तर त्यांना खिद्रापुरास नेऊन कोपेश्वराचा स्वर्गमंडप दाखविण्याचें कामहि निवृत्त शिक्षकाचेंच. अठ्ठेचाळीस खांबांचा तो मंडप आणि त्याच्या माथ्यावर उघडें ठेवलेलें वर्तुळाकार आकाश, यांविषयीं तो तासभर बोलूं शकतो. आणि तेथें त्याला कोणी मध्येंच थांबवून गिरणींत पाठवीत नाहीं.

पावसाळ्यांत मात्र कट्ट्याचें रूप पालटतें. वाडीस कृष्णेचें पाणी चढून देवळांत शिरतें, पादुकांना स्पर्श करून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि त्या पाण्यांत स्नान करण्यासाठीं म्हातारेकोतारे हौसेनें जातात. पण तेंच पाणी आणखी चढलें तर काय होतें हेंहि या तालुक्याला ठाऊक आहे. पूर्वीं अशा वेळीं तरुण मंडळी वडीलधाऱ्यांना विचारीत, "पाणी कुठपर्यंत येतं?" आणि वडीलधारे २००५ च्या पुराची खूण दाखवीत: हा ओटा, ही तिसरी पायरी, हें चिंचेचें झाड. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी त्या खुणा ओलांडून गेलें. कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या वर्षीं ती ५५ फुटांच्या वर गेली. जुन्या खुणांवर विश्वासून जे घरांतच थांबले त्यांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. निवृत्त माणसाची एकमेव अशी मालमत्ता, कीं जिच्याबद्दल लोक आपण होऊन त्याच्या दारीं येत, ती त्याची आठवण. आणि तीच त्या आठवड्यांत खोटी पडली. हा धक्का भिंती पडल्याच्या धक्क्याहून लहान नव्हता, इतकेंच कीं त्याचा पंचनामा झाला नाहीं.

त्यानंतर कट्ट्यावरचें बोलणें बदललें. कोयनेंतून किती पाणी सोडलें, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, अलमट्टींतून पुढें किती जातें आहे, हे आंकडे आतां सकाळसंध्याकाळ फोनवर वाचले जातात. चाळशी लावून, मोठ्यानें वाचून, एकमेकांच्या चुका काढून. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला. कोणाची म्हैस आधीं हलवावी, कोणाच्या घरीं अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, हें कट्ट्याला जितकें ठाऊक असतें तितकें कोणत्याच कचेरीला नसतें. त्या दिवसांत "तुम्ही घरींच आहांत ना?" असें कोणी विचारीत नाहीं.

एक गोष्ट राहिली. या सर्व वर्णनांत निवृत्त होतो तो पुरुष. त्याच्या घरांत आणखी एक माणूस आहे, जिला कधीं नेमणुकीचा कागद मिळाला नाहीं आणि म्हणून निवृत्तीचा हुकूमहि मिळणार नाहीं. पति अठ्ठावन्नाव्या वर्षीं घरीं आला तेव्हां तिचें काम कमी झालें नाहीं. उलट दुपारचा एक चहा वाढला, आणि स्वयंपाकघरांत डबे कोणत्या क्रमानें मांडावेत याबद्दल, चाळीस वर्षांत प्रथमच, तिला सूचना मिळूं लागल्या. बँकेच्या त्या यादींत तिचें नांव येतें तें पति गेल्यावर, कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या रकान्यांत.

मार्च २०२३ पासून एस्. टी.नें सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट केलें. तेव्हांपासून शिरोळच्या स्थानकावर चार-पांच जणींचा घोळका सकाळींच वाडीच्या किंवा जयसिंगपूरच्या गाडीची वाट पाहतांना दिसतो. पिशव्या हातांत, बोलणें मोठ्यानें. निघतांना त्या घरांतल्या पेन्शनराला सांगून येतात, "गॅसची टाकी यायची आहे. तुम्ही आहांतच ना घरीं?"