खाष्ट सासूच्या पदराआडच्या ललिताबाई

सुनेला छळणारी सासू म्हटलं की वाशीमपासून वसईपर्यंत एकच चेहरा आठवतो: ललिता पवार! पण सासूपण हा त्यांच्या सत्तर वर्षांच्या कारकिर्दीचा एक कोपरा. बाकीचं घर बघाल, तर थक्क व्हाल.

पैठणीच्या गावची अंबा
जन्म 18 एप्रिल 1916, येवला. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. वडिलांचा धंदा रेशमी आणि सुती कापडाचा.

बोलपटाच्याही आधी
1928च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्या झळकल्या. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आला 1931 साली!

सोळाव्या वर्षी निर्माती
'कैलास' (1932) या मूकपटात अभिनय तर केलाच, निर्मितीतही वाटा उचलला. 1938 साली 'दुनिया क्या है'चीही निर्मिती केली.

एक थप्पड
1942, 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण. प्रसंगातली थप्पड मास्टर भगवान यांच्या हातून जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. लांबलचक उपचार झाले, नायिकेच्या भूमिका सुटल्या. बाई मात्र हटल्या नाहीत. पुढे तोच डोळा नुसता रोखला, तरी थिएटरात चिडीचूप!

'ध'चा 'मा'
'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (1944) त्या आनंदीबाई होत्या. मराठी मनात कारस्थानाचं दुसरं नावच ते.

केळेवाली गंगामाई
राज कपूरच्या 'श्री 420'मध्ये (1955) त्या फुटपाथवर केळी विकतात आणि परक्या पोरावर जीव लावतात. 'अनाडी'तल्या (1959) मिसेस डिसा तर वरून फणस, आतून गरे. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. 1961 साली संगीत नाटक अकादमीनंही गौरवलं.

कडक बाई प्रेमात पडते तेव्हा
'जंगली'त (1961) शम्मी कपूरची करडी आई. पुढच्याच वर्षी 'प्रोफेसर'मध्ये, म्हाताऱ्याच्या वेशातल्या त्याच शम्मीवर भाळणारी कडक बाई! तिचं लाजणं बघाच.

सत्तरीतली मंथरा
1987 साली रविवारी सकाळी 'रामायण' मालिका लागली की रस्ते ओस पडत. टीव्ही असलेल्या एका घरात अख्खी आळी जमायची. ललिताबाईंची मंथरा कैकेयीचे कान भरू लागली की बायाबापड्या कडाकडा बोटं मोडत. अभिनयाची याहून मोठी पावती कोणती?

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात ललिताबाई गेल्या. मूकपट, बोलपट, रंगीत सिनेमा, दूरदर्शन असा सगळा प्रवास एका बाईनं पायाखाली घातला होता. जुन्या सिनेमात तो बारीक डोळा दिसला, तर सासूवर खुशाल चिडा. तो राग त्यांनी मेहनतीनं कमावलाय. आणि मग लगेच 'अनाडी' लावा. मिसेस डिसा तुमचा राग विरघळवून टाकतील.